जामीन कोणीं राहावें?

(आठवड्याच्या बाजारादिवशीं गांवच्या चावडीपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कालव्याच्या पाण्याच्या पाळीविषयीं बोलावें अशी पुष्कळांची इच्छा होती. तो विषय पुढच्या बाजारीं घेऊं. आज आम्ही तुरुंगाविषयीं बोलणार आहों. हें ऐकतांच कांहीं मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या आम्हांस येथून दिसतात. आपल्या घरांत कोणी चोर नाहीं, दरोडेखोर नाहीं, मग हें पुराण आपल्याला कशाला, असें वाटणें साहजिक आहे. गेल्या वर्षापर्यंत आम्हांसही तसेंच वाटत होतें.

गेल्या वर्षीं पेरणीच्या तोंडावर आमच्या शेजारच्या वाडींत बांधावरून मारामारी झाली. दोन भाऊबंद, एक बांध, आणि मध्यें पडलेला एक सुताराचा पोरगा. तो बिचारा तेथें दाराची चौकट बसवायला आला होता. भांडण सोडवायला धांवला, पण हातांतली पटाशी खालीं ठेवायचें त्याला सुचलें नाहीं. फिर्यादींत त्याचें नांव आलें, पटाशी हत्यार म्हणून पंचनाम्यांत गेली, आणि जें कलम लागलें तें अजामीनपात्र निघालें. खालच्या कोर्टानें जामीन नाकारला. वरच्या कोर्टानें, म्हणजे सेशन्स कोर्टानें, बाराव्या दिवशीं तो मंजूर केला: 15,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. पोराच्या आईनें कोर्टाच्या आवारांत पेढे वाटले. आणि तिचा पोरगा त्यानंतर आणखी 23 दिवस तुरुंगांत राहिला.

जामीन मंजूर होणें ही एक गोष्ट, आणि माणूस घरीं येणें ही दुसरी. या दोहोंच्या मध्यें जी खाच आहे तींत आमच्यासारख्यांचीं माणसें पडतात. सधन माणसाला ही खाच दिसतही नाहीं.

आधीं जामीन म्हणजे काय तें पाहूं. जामीन म्हणजे निर्दोष सुटणें नव्हे, आणि जामिनाची रक्कम म्हणजे दंडही नव्हे. आरोपीनें कोर्टाला लिहून द्यायचें कीं, बोलावाल त्या तारखेला मी हजर राहीन, न राहिलों तर अमुक रक्कम भरीन. या लिहून देण्याला जातमुचलका म्हणतात, कोर्टांत पी. आर. बाँड असा शब्द ऐकूं येतो, तो हाच. दुसऱ्या कोणीं तशी हमी दिली तर तो जामीनदार. सही करतांना खिशांतून एक पैही द्यावी लागत नाहीं. आमच्या लोकांचा येथेंच मोठा घोटाळा होतो. 15,000 चा जामीन झाला असें ऐकलें कीं लोक शेळ्या विकायला काढतात.

आतां अगदीं पहिल्या घटकेपासून घेऊं. पोलिसांनीं माणूस नेला, तर कां नेला हें त्याला सांगणें आणि त्याच्या घरच्यांना कळविणें हें त्यांचें कायद्यानें बांधलेलें काम आहे. 24 तासांच्या आंत त्याला मॅजिस्ट्रेटापुढें उभें करावेंच लागतें. वाटेच्या प्रवासाचा काळ तेवढा यांत धरीत नाहींत. गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक झालीच पाहिजे असेंही नाहीं. ज्या गुन्ह्यांना सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे त्यांत आवश्यकता दाखविल्याशिवाय सरसकट अटक करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें 2014 सालींच बजावलें आहे. अशा वेळीं नोटीस देऊन बोलावतात. नोटीस आली तर ती घेऊन वेळेवर जावें. घाबरून मामाच्या गांवीं पळालेल्या माणसानें आपल्या हातानें अटकेचें कारण पुरविलेलें असतें.

मग विचारावें कीं कलम कोणतें. तें जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. तो पोलिस ठाण्यांतच मिळतो, त्याला कोर्टाची पायरी चढावी लागत नाहीं, आणि तो मिळतो हें आरोपीला सांगणें हेंही पोलिसांचेंच काम आहे. 1 जुलै 2024 पासून जुना फौजदारी प्रक्रियेचा कायदा जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचें 478 वें कलम हेंच सांगतें. (जुने वकील अजून 436, 437, 439 असेच आंकडे बोलतात. ते आतां 478, 480 आणि 483 झाले आहेत. आंकडे बदलले, हक्क राहिला.) त्याच कलमांत गरिबासाठीं एक ओळ आहे ती गांठीं बांधून ठेवा. जामीनपात्र गुन्ह्यांत अटक होऊन एक आठवडा लोटला आणि आरोपीला जामीनदार मिळाला नाहीं, तर तो गरीब आहे असें धरून त्याला त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडावें, असें कायदा म्हणतो. ही ओळ 2005 सालच्या दुरुस्तीनें आली. तिच्याविषयीं आम्हांस कोणत्याही चावडीवर कोणीं सांगितलें नव्हतें.

कलम अजामीनपात्र असेल तर गोष्ट न्यायाधीशाच्या विचारावर जाते. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाहीं असें नव्हे. पोलिस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी झाली, म्हणजे आपल्याकडे ज्याला पी. सी. आर. आणि एम. सी. आर. म्हणतात त्यांतलें दुसरें झालें, कीं बहुधा जामिनाचा अर्ज पडतो. सरकारी वकिलाचें म्हणणें मागवितात. मॅजिस्ट्रेटानें नाकारला तर सेशन्स कोर्ट, तेथें नाकारला तर हायकोर्ट. बाईमाणूस, लहान मूल, आजारी व अपंग यांच्याकडे सवलतीनें पाहण्याची मुभा कायद्यांत आहे. ती अर्जांत स्पष्ट मागावी लागते, आपोआप कोणी देत नाहीं.

वकिलाला पैसे कोठून आणावे? कोठडींत असलेल्या प्रत्येक माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्यानें दिलेला आहे. त्याची जात, त्याचें उत्पन्न कोणी विचारीत नाहीं. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिति असते, जिल्ह्याच्या कोर्टांत विधि सेवा प्राधिकरण असतें, आणि 15100 हा दूरध्वनि आहे. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ वकील अशी आमच्यांत एक समजूत आहे. वकील चांगला वाईट दोन्ही ठिकाणीं भेटतो. पण कर्ज काढून वाईट वकील करण्यांत कोणतें शहाणपण, हें आम्हांस कोणीं अजून समजावून दिलेलें नाहीं.

आतां त्या 23 दिवसांकडे येतों. सांगायला लाज वाटते, पण सांगणार आहों.

जामीनदार पाहिजे म्हणून ती माउली प्रथम आपल्या भावाकडे गेली. भाऊ तयार होता, पण त्याची जमीन शेजारच्या जिल्ह्यांत. बाहेरच्या जिल्ह्याचा जामीनदार चालत नाहीं असें तिला कोर्टाच्या व्हरांड्यांत कोणीं तरी सांगितलें, आणि तिनें तें खरें मानलें. तिसऱ्या दिवशीं ती आमच्या दारीं आली. म्हणाली, "दादा, तुमच्या नांवावर उतारा हाय. एक सही द्या. पोरगं माझं पळून जायाचं न्हाई." आमच्या नांवावर सव्वादोन एकर आहे. आम्ही "पाहूं" म्हणालों. घरांत बोलणें झालें: उतारा अडकून पडेल, सोसायटीचें कर्ज बंद होईल, पोरगा पळाला तर जमीन लिलावांत निघेल. यांतलें एकही आम्हीं कोणास विचारून पाहिलें नव्हतें. ती दुसऱ्यांदा आली तेव्हां आम्ही शेताकडे गेलों होतों, म्हणजे घरांतून तसें सांगायला लावलें होतें.

मग तिला एक एजंट भेटला. असे लोक कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेले असतात. 7,000 रुपयांत जामीनदार उभा करतों म्हणाला. निम्मे आगाऊ घेतले. उभा केलेल्या माणसाचा उतारा दुसऱ्याच कोणाचा निघाला, कारकुनानें कागद परत फेंकले, आणि एजंटाचा फोन बंद झाला. पोलिसांत जायची तिला भीति, कारण खोट्या कागदावर जामीन घेऊं पाहिल्याबद्दल आपल्यालाच धरतील असें कोणीं तिच्या मनांत भरविलें. बंधूंनो, भाड्याच्या जामीनदाराचा धंदा हा असा असतो. खोटा कागद उघडकीस आला तर जामीन रद्द होतो व नवा गुन्हा अंगावर येतो. कागद खरा असला तरी आरोपीनें जामीनदाराची भरपाई करून द्यायची हा करारच न्यायालयें लोकनीतीच्या विरुद्ध म्हणून रद्द मानतात. तेव्हां दिलेला पैसा फिर्याद करूनही परत मागतां येत नाहीं. अमेरिकेंत हाच धंदा उघडपणें दुकान मांडून चालतो. तेथें जामिनाच्या रकमेचा साधारण दहावा हिस्सा दुकानदार घेतो, आणि माणूस निर्दोष सुटला तरी तो हिस्सा परत येत नाहीं. तिकडेही आतां लोक याला विटले आहेत. इलिनॉय राज्यानें 2023 च्या सप्टेंबरांत पैशाचा जामीनच बंद केला.

शेजारच्या जिल्ह्याचा जामीनदार चालत नाहीं, ही जी व्हरांड्यांतली विद्या, तिची गोष्ट ऐका. मध्य प्रदेशांत मोतीराम नांवाचा एक गवंडी होता. त्याला जामीन मिळाला. मॅजिस्ट्रेटानें 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला. त्या काळीं गवंड्यानें एवढी ऐपत कोठून आणावी? त्याचा भाऊ उभा राहिला, तर भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांतली म्हणून त्याला नाकारलें. तो गवंडी थेट सर्वोच्च न्यायालयांत गेला. 1978 सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्याला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला लावलें, आणि जिल्ह्याबाहेरचा म्हणून जामीनदार नाकारण्याच्या पद्धतीवर कडक कोरडे ओढले. त्याच्या पुढच्याच वर्षीं बिहारच्या तुरुंगांचा प्रश्न तेथें आला. गुन्ह्याला जेवढी शिक्षा, तिच्याहून अधिक वर्षें कांहीं माणसें खटल्यावांचून आंत होतीं. म्हणजे जो रस्ता एका गवंड्यानें 1978 सालीं खणून ठेवला, तो आमच्या तालुक्याच्या व्हरांड्यांत अजून पोंचलेला नाहीं.

31 जानेवारी 2023 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें याबाबत आणखी स्पष्ट सूचना दिल्या. जामिनाच्या हुकुमाची नक्कल त्याच किंवा दुसऱ्या दिवशीं ई-मेलनें कारागृहाकडे धाडावी. सात दिवसांत कैदी सुटला नाहीं तर अधीक्षकानें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावें. एक महिना होऊनही जामीनदार मिळाला नाहीं तर कोर्टानें आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा हट्ट हें सुटका लांबण्याचें एक कारण आहे, तेव्हां तो धरूं नये. शिवाय मुचलक्याची रक्कम अवाजवी असूं नये हें तर कायद्याच्या 484 व्या कलमांतच आहे. ती कमी करण्याचा अर्ज सेशन्स कोर्टांत व हायकोर्टांत करतां येतो. जामीनदाराच्या ऐवजीं रोख रक्कम भरण्याची परवानगी मागतां येते, आणि जामीनदार शोधायला वेळ पाहिजे असेल तर तोंपर्यंत तात्पुरत्या रोख जामिनावर सोडावें अशीही विनंति आपल्याकडील कोर्टांत करतात. रोख भरली तर पावती जपून ठेवावी, तारखा चुकविल्या नाहींत तर ती रक्कम खटल्याअखेर परत मिळते. अगदींच कांहीं नसेल त्याच्यासाठीं 2023 सालीं केंद्र सरकारनें गरीब कैद्यांसाठीं योजना काढली. त्या वेळीं कच्च्या कैद्याच्या जामिनासाठीं 40,000 रुपयांपर्यंत मदतीची मर्यादा होती. अर्ज विधि सेवा प्राधिकरणामार्फत जातो; भ्रष्टाचार, अंमली पदार्थ असल्या कांहीं गुन्ह्यांना ती लागू नाहीं.

हें सगळें आम्हांस कसें कळलें? एजंटानें तिला फसविल्याचें ऐकलें तेव्हां मान वर करवेना. तालुक्याला जाऊन विधि सेवा समितीच्या वकीलबाईंना गांठलें. त्यांनीं पहिलाच प्रश्न विचारला: "तुम्ही स्वतः कां राहत नाहीं?" आम्हीं आमच्या तिन्ही भीति त्यांच्यापुढें मांडल्या. त्यांनीं एकेक सोडविली.

जामीनदारानें कोर्टाला जमीन द्यायची नसते. सातबारा व आठ-अ, नाहींतर घरपट्टीची पावती किंवा पगाराचा दाखला हीं फक्त ऐपत दाखविण्यासाठीं असतात. कोठें कोठें तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात. ओळखीचे कागद, फोटो, आणि आपण आणखी कितीजणांना जामीन आहों याचें प्रतिज्ञापत्र. जबाबदारी मुचलक्यांत लिहिलेल्या आंकड्यापुरती. 15,000 म्हणजे 15,000, सव्वादोन एकर नव्हे. आरोपी गैरहजर राहिला तर प्रथम कारणें दाखवा अशी नोटीस येते. ती फाडून टाकूं नये, हजर राहून सांगावें. कोर्टाला रक्कम कमी करण्याचाही अधिकार आहे. रक्कम भरलीच नाहीं व वसूलही झाली नाहीं तर मात्र सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. पण पोरगा बिघडत चालला, तारखा चुकवायला लागला असें दिसलें, तर जामीनदाराला केव्हांही अर्ज करून आपली हमी काढून घेतां येते. मग आरोपीनें दुसरा जामीनदार द्यावा. आणि मुचलका जप्त होण्यापूर्वीं जामीनदार मेला तर त्याची जबाबदारी त्याच्याबरोबर संपते, पोरांच्या डोक्यावर जात नाहीं. हें शेवटचें ऐकून आमच्या घरांतला निम्मा विरोध मावळला. कागदावर कोर्टाचा शेरा पडला असेल तर खटला संपतांच तो काढून घ्यावा, नाहींतर पुढें सोसायटींत विचारणा होते.

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं सही केली. तरी पोरगा त्या दिवशीं सुटला नाहीं. सुटकेच्या हुकुमांत बापाच्या नांवांतलें एक अक्षर चुकलें होतें. तुरुंगांत नांव, बापाचें नांव, गुन्ह्याचा नंबर, कलमें हीं सारीं त्यांच्या नोंदीशीं ताडून पाहतात, शिवाय दुसऱ्या खटल्यांत हवा आहे कीं काय तेंही बघतात. संध्याकाळीं बराकी बंद झाल्या कीं दुसऱ्या दिवसावर जातें. ती एक रात्र त्याची आई तुरुंगाच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे बसून होती. आम्ही तिला उठ म्हणालों नाहीं. कोणत्या तोंडानें म्हणणार? कागदाच्या चुकीला क्षुल्लक समजूं नका. उत्तर प्रदेशांत गाझियाबादच्या कारागृहानें हुकुमांत एका पोटकलमाचा उल्लेख नाहीं म्हणून एका माणसाला जामीन मिळूनही अडकवून ठेवलें. 2025 च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें राज्य सरकारला त्याला 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावलें. तेव्हां सुटकेचा हुकूम हातीं आल्यावर कोर्टाच्या आवारांतच, तेथल्या तेथें, अक्षर न् अक्षर वाचून घ्यावा. स्वतःला वाचतां येत नसेल तर शाळेंतल्या पोरीला बरोबर न्यावें.

ज्यांचें माणूस पुष्कळ दिवस आंत आहे त्यांच्यासाठीं दोन गोष्टी सांगणें राहिलें. अटकेनंतर पहिल्यांदा कोठडी मिळाली त्या दिवसापासून मोजा. 60 दिवसांत, आणि फांशी, जन्मठेप किंवा दहा वर्षें अगर त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर 90 दिवसांत, दोषारोपपत्र दाखल झालें नाहीं तर जामीन मागण्याचा हक्क येतो. पण तो मागावा लागतो. तुम्हीं मागण्याआधीं पोलिसांनीं दोषारोपपत्र टाकलें कीं तो हक्क गेला. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा, आणि वकील विसरला तरी तुम्ही विसरूं नका. दुसरी गोष्ट 479 व्या कलमाची. त्या गुन्ह्याच्या जास्तींत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आंत काढला तर जामिनावर सुटका. पूर्वीं कधींच शिक्षा झाली नसेल तर एकतृतीयांश काळ पुरे. फांशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर एकाहून अधिक खटले आहेत त्याला हें लागू नाहीं. मुदत भरतांच कोर्टाला लिहिण्याचें काम कारागृहाच्या अधीक्षकाचें आहे, आणि 2024 च्या जुलैपूर्वींच्या कैद्यांनाही हा लाभ आहे असें सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं सांगितलें. 2022 अखेरच्या सरकारी मोजदादींत देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसें होतीं, त्यांपैकीं 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे चार माणसें आंत असलीं तर तिघांचा निकालच लागलेला नाहीं.

आमचा सुताराचा पोरगा प्रत्येक तारखेला जातो. आदल्या रात्रीं आमच्या ओट्याशीं येऊन "काका, उद्यां तारीख हाय" एवढें सांगतो आणि पहांटेची एस्टी धरतो. एजंटाला दिलेले 3,500 रुपये मात्र गेलेच. पटाशीही अजून मुद्देमालांत पडून आहे. तो दुसऱ्याची मागून काम करतो. ती परत मिळविण्याचा अर्ज परवां आम्हीं केला आहे. ज्यांच्या घरचें कोणी आंत असेल त्यांनीं बाजार उरकला कीं पाराशीं थांबावें, आणि फिर्यादीची नक्कल, कोर्टाचा हुकूम, जो कागद जवळ असेल तो बरोबर आणावा. वकीलबाई चारच्या गाडीनें येणार आहेत.